फुटलेल्या तावदानाची घरच्या घरी दुरुस्ती

रोहिणी नक्षत्र लागले की शेतकऱ्याचे सर्व लक्ष बियाणे, खते आणि पेरणीची अवजारे यांकडे लागते. घराच्या डागडुजीत छपराची कौले फिरविली जातात, पत्र्याचे आकडे आवळले जातात, भिंतीला गिलावा दिला जातो. परंतु खिडकीचे फुटलेले तावदान मात्र बहुधा तसेच राहते. त्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा किंवा खताच्या रिकाम्या पिशवीचे प्लॅस्टिक ठोकण्यात येते, आणि ‘पुढे शहरात जाणे झाले की काच आणू’ असे म्हणता म्हणता दोन-तीन पावसाळे निघून जातात.

ही हयगय वाटते तितकी स्वस्त नाही. पुणे जिल्ह्यात पावसाळी वारा मुख्यतः नैऋत्य व पश्चिम दिशांकडून येतो, आणि त्या बाजूच्या उघड्या खिडकीतून पावसाची झड थेट खोलीत शिरते. शेतकऱ्याच्या घरात खिडकीखालची जागा रिकामी नसते. तेथे पेरणीसाठी जपून ठेवलेल्या सोयाबीनची पोती, कांद्याचे बी किंवा वर्षाचे धान्य असते. सोयाबीनच्या बियाण्यातील ओलावा साठवणीत १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. एका रात्रीच्या झडीने पोत्याची एक बाजू भिजली तर बुरशी धरते, उगवणशक्ती घटते, आणि हे नुकसान पेरणीनंतर आठ दिवसांनी, रान विरळ उगवल्यावर, ध्यानात येते. शिवाय पुठ्ठ्याने खोलीत अंधार होतो. जेथे चूल आहे तेथे धूर कोंडतो, आणि मुलांना भरदिवसा दिवा लावून अभ्यास करावा लागतो. अर्धवट फुटलेल्या काचेचे टोकदार तुकडे चौकटीत तसेच राहिले असतील, तर लहान मुलाच्या हाताला केव्हा इजा होईल ते सांगता येत नाही.

हे काम लांबणीवर पडण्याचे खरे कारण खर्च हे नसून, ते कारागिराखेरीज होणारच नाही हा समज आहे. लाकडी चौकटीतील लहान तावदान बदलणे हे ज्याला खिळा ठोकता येतो व कणीक मळता येते, अशा कोणत्याही माणसास एका सकाळीत जमण्यासारखे काम आहे. ते कसे करावे हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

काच आणि आपली घरे

जुन्या पुण्यातील वाड्यांच्या व खेड्यांतील घरांच्या खिडक्यांना बहुधा लाकडी गज आणि झडपा असत. काच फारशी नसे. झडप मिटली की पाऊस थांबे, पण त्याबरोबर उजेडही थांबे. पुढे बंगले, शाळा व सरकारी कचेऱ्या यांच्याबरोबर तावदानांची खिडकी सर्वत्र आली. काच बनविण्याच्या उद्योगाशी मात्र पुणे जिल्ह्याचा संबंध जुना आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचा या कार्यास पाठिंबा होता, आणि तेथे शिकून तयार झालेल्या तरुणांनी हा धंदा अन्यत्र नेला. १९१६ साली ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीतून निघणारा त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडी पोहोचला. कंदिलाची काच तडकली तर ती जपून पुसणारी आणि वेळीच बदलणारी आपली घरे खिडकीच्या काचेबाबत मात्र उदासीन राहिली.

आज बाजारात मिळणारी खिडकीची काच फ्लोट पद्धतीने, म्हणजे वितळलेल्या कथिलावर वितळलेली काच पसरवून, तयार करतात. ही पद्धत इंग्लंडमध्ये १९५९ साली जाहीर झाली. या काचेची जाडी सर्वत्र सारखी असते. जुन्या खिडकीतील काचेतून पाहिल्यास बाहेरील झाड किंचित वाकडे दिसते. ती काच जुन्या पद्धतीची समजावी. वाळू, सोडा व चुना हे मूळ पदार्थ मात्र तेव्हाही तेच होते व आजही तेच आहेत.

तावदान का फुटते

चेंडू, गलोलीचा खडा, वळवाच्या गारा व वाऱ्याने आपटणारी झडप ही उघड कारणे होत. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ पुढे पुणे जिल्ह्यातून गेले, तेव्हा मावळ व त्याच्या शेजारच्या भागांत घरांची आणि पॉलिहाउसांची मोठी हानी झाली. अशा वाऱ्यात प्रथम फुटते ते सैल बसलेले तावदान. घट्ट व सारख्या टेकूवर बसलेले तावदान बराच जोर सोसते.

परंतु कोणी काही न मारताही काच तडकते, आणि त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत. पहिले कारण उष्णता. उन्हाने काच प्रसरण पावते. एक मीटर लांबीच्या काचेचे तापमान ३० अंशांनी वाढले तर तिची लांबी सुमारे पाव मिलिमीटर वाढते. काच चौकटीत ठासून बसविलेली असेल तर या वाढीस जागा मिळत नाही व ती कडेपासून तडकते. दुसरे कारण लाकडाचे फुगणे. कोरड्या वैशाखात सुकलेली चौकट आषाढात फुगते आणि काचेस चेपते. तिसरे कारण लोखंडी चौकटीचा गंज. लोखंड गंजले की त्याचे आकारमान वाढते, आणि खोबणीत साठलेला गंज काचेवर पाचरीप्रमाणे दाब आणतो.

या सर्वांच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट असते, ती म्हणजे लांबी सुटणे. काच व चौकट यांच्या सांध्यात जो मळलेला लेप भरतात त्यास लांबी म्हणतात. काही भागांत त्यास लुकण व शहरात पुट्टी असेही म्हणतात. ही लांबी जुनी होऊन तडकली की सांध्यात पाणी मुरते, खालचे लाकूड कुजते अथवा लोखंड गंजते, आणि शेवटी काच सैल होऊन फुटते. काच फुटली तर एक तावदान जाते. लांबी सुटलेली तशीच राहिली तर सगळी खिडकी जाते. म्हणून दरवर्षी होळी ते अक्षय्य तृतीया या काळात प्रत्येक खिडकीच्या लांबीवरून नख फिरवून पाहावे. जेथे ती भुगा होऊन पडते तेथे वेळीच खरवडून नवी भरावी. एवढ्याने पुष्कळ तावदाने वाचतात.

कोणता तडा थांबतो व कोणता थांबत नाही

काच चिकटवून पूर्ववत होत नाही, हे प्रथम समजून घ्यावे. तड्याच्या टोकाशी सर्व ताण एकवटतो. म्हणून एकदा पडलेला तडा प्रत्येक उन्हाबरोबर, प्रत्येक आपटण्याबरोबर पुढे सरकतो. ओलावा त्यास मदतच करतो. यास्तव चिकटविण्याचे सर्व उपाय काच बदलेपर्यंत वेळ मिळविण्याचे उपाय होत.

केसासारखा बारीक तडा असून दोन्ही भाग जागच्या जागी असतील, तर काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि तड्यावर दोन्ही बाजूंनी रुंद पारदर्शक चिकटपट्टी ताणून लावावी. दोन नळ्यांतील द्रव्ये समभाग मिसळून वापरावयाचा जो पारदर्शक गोंद हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो तड्यात मुरू दिल्यास पाणी अधिक काळ थांबते. गोंद सुकेपर्यंत झडप हलवू नये. खड्याने लहान भोक पडले असेल व भोवती तडे नसतील, तर बाहेरून पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा याच गोंदाने चिकटवावा.

पुढील परिस्थितीत मात्र कोणताही तात्पुरता उपाय न करता काच काढूनच टाकावी : तडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला असेल, एका ठिकाणाहून तीन-चार तडे फुटले असतील, काचेचा तुकडा बोटाने हलत असेल, किंवा तावदान मुलांच्या हाताच्या उंचीवर, दारात अथवा गोठ्याजवळ असेल.

काचेची निवड व माप

खिडकीच्या लहान तावदानास ३ मिलिमीटर जाडीची साधी काच पुरते. मोठ्या तावदानास ४ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक जाडीची लागते. काचेचे वजन काढण्याची रीत सोपी आहे. एक चौरस मीटर काच दर मिलिमीटर जाडीस अडीच किलो भरते. त्या हिशेबाने ३० बाय ४५ सेंटिमीटरचे ३ मिलिमीटर जाड तावदान सुमारे एक किलो भरते, तर ९० बाय १२० सेंटिमीटरची ४ मिलिमीटर जाड काच जवळजवळ ११ किलो. यावरून कोणते काम एकट्याने करावे व कोणते दोघांनी, हे ठरविता येते. अतिशय मोठ्या किंवा वरच्या मजल्याच्या बाहेरील बाजूने बसवावयाच्या काचेचे काम कारागिराकडेच द्यावे.

काही काचांच्या कोपऱ्यात लहान ठसा असतो. ती तापवून कडक केलेली काच होय. ती फुटली की तिचा दाणेदार चुरा होतो. ती कापता येत नाही, मापाप्रमाणे तयारच मागवावी लागते. दार, जिना व न्हाणीघर या ठिकाणी तीच बरी.

माप घेताना चौकटीची खोबण, म्हणजे काच जेथे टेकते ती खाच, पूर्ण साफ केल्यावरच माप घ्यावे. उंची व रुंदी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजावी आणि त्यांतील सर्वांत कमी माप धरावे. चौकट काटकोनात आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसतील तर पुठ्ठ्याचा नमुना कापून तोच दुकानात न्यावा. मिळालेल्या मापातून लांबी व रुंदी दोन्हींत एक सूत, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, वजा करून काच कापून घ्यावी. वर सांगितलेल्या प्रसरणासाठी व लाकडाच्या फुगण्यासाठी ही जागा सोडावयाची असते. काच नेमकी बसावी म्हणून ती सोडण्याचा मोह होतो, तो टाळावा.

काच कापण्याचे हत्यार, म्हणजे हिरकणी, वापरण्यास सराव लागतो. रेघ एकाच दाबाने, एकदाच ओढावी लागते. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा ओढल्यास काच वेडीवाकडी तुटते. म्हणून पहिल्या खेपेस काच दुकानातूनच मापाप्रमाणे कापून आणणे फायद्याचे. पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीत या कामाची हत्यारे, चुका व खडूची पूड मिळते; तालुक्याच्या गावीही काचेची दुकाने असतात. काच घरी आणताना आडवी न ठेवता उभी धरावी, दोन्ही बाजूंस गोणपाट लावावे व कडांना वर्तमानपत्राची घडी बांधावी.

लांबी तयार करण्याची रीत

तयार लांबी दुकानात मिळते, तथापि घरी केलेली लांबी ताजी असते व ती करणे सोपे आहे. तिला दोनच पदार्थ लागतात : खडूची वस्त्रगाळ पूड व जवसाचे तेल. प्रमाण वजनाने पाच भाग पूड व एक भाग तेल असे धरावे. ३० बाय ४५ सेंटिमीटरच्या एका तावदानास सुमारे पाव किलो लांबी पुरते. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या थोडी वर पूड आणि चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम तेल.

पूड कोरड्या फळीवर घेऊन मध्ये आळे करावे व त्यात तेल थोडे थोडे घालून भाकरीच्या पिठाप्रमाणे तळहाताने रगडून मळावे. गोळा हातास चिकटेनासा झाला व त्याची वळी न तुटता वळता आली, म्हणजे लांबी झाली. तेल अधिक झाले तर लांबी ओघळते; पूड अधिक झाली तर भेगा पडतात. मळलेला गोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवावा व दुसऱ्या दिवशी पुन्हा मळून वापरावा.

तेल जवसाचेच का, असा प्रश्न शेतकरी विचारतात. विदर्भात व मराठवाड्याच्या काही भागांत पिकणाऱ्या जवसाच्या तेलाचा एक विशेष गुण आहे. ते हवेतील प्राणवायू शोषून घेऊन हळूहळू घट्ट होते व त्याचा चिवट पापुद्रा बनतो. शेंगदाण्याच्या तेलास हा गुण नाही. त्याची लांबी कधीच सुकत नाही. करडईचे तेल सुकते, पण फार सावकाश. हे पटविण्यासाठी काचेच्या एका तुकड्यावर जवसाचे व शेंगदाण्याचे तेल बोटाने पातळ पसरून आठ-दहा दिवस हवेशीर जागी ठेवावे. फरक डोळ्यांनी दिसतो व बोटाला कळतो.

भिंतीस लावण्याची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी या कामास वापरू नये. नाव एक असले तरी वस्तू निराळी आहे. ती कडक होते, काचेबरोबर हलत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात सुटते.

जुनी काच काढणे

प्रथम खोलीतील मुले व कोंबड्या बाहेर काढाव्यात व खिडकीच्या दोन्ही बाजूंस जुने गोणपाट अंथरावे. पायात बूट, हातात जाड कातडी किंवा दुहेरी कापडी मोजे आणि डोळ्यांस चष्मा असावा. शक्य असल्यास झडप बिजागरीतून काढून जमिनीवर आडवी ठेवावी. काम निम्मे सोपे होते. काचेवर चिकटपट्टी फुलीच्या आकारात लावावी, म्हणजे तुकडे उडत नाहीत. चौकट उभीच असेल तर वरचे तुकडे आधी काढावेत, खालचे शेवटी. खालचा आधार आधी काढल्यास वरचा तुकडा हातावर पडतो.

त्यानंतर जुनी लांबी पटाशीने खरवडावी. पटाशी नेहमी आपल्यापासून दूर चालवावी. लांबी फार कडक असेल तर तिच्यावर जवसाचे तेल लावून एक-दोन दिवस मुरू द्यावे. जुन्या चुका पकडीने उपटाव्यात. खोबणीत कुजलेले लाकूड आढळल्यास ते काढून तेथे सुक्या लाकडाची पट्टी बसवावी. कुजक्यावर नवी काच बसविणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

जुन्या खिडक्यांच्या रंगात व लांबीत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगातील शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१६ साली होऊन तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाची खात्री देता येत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाण्याने ओला करून खरवडावा, पडलेली खपली ओल्या फडक्याने टिपून घ्यावी व काम संपल्यावर हात-तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ नये. शिशाचा धुरळा लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीस विशेष घातक असतो.

नवी काच बसविणे

खोबण कोरडी झाली की तिला जवसाच्या तेलाचा किंवा लाकडाच्या प्राइमरचा एक हात द्यावा व तो सुकू द्यावा. पुष्कळ लोक ही पायरी गाळतात. मग कोरडे लाकूड लांबीतील तेल शोषून घेते आणि मागे नुसती खडूची पूड उरते. एका वर्षात गळून पडणाऱ्या लांबीचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

नंतर खोबणीत सर्व बाजूंनी लांबीची करंगळीपेक्षा बारीक वळी दाबून बसवावी. तीवर काच ठेवावी व कडांवरून, सर्व बाजूंनी सारखी, हळूहळू दाबावी. मध्यभागी कधीही दाबू नये. काचेखाली सुमारे २ मिलिमीटर लांबीचा थर राहिला पाहिजे. हा थर काचेची गादी होय. काच लाकडाला किंवा खिळ्याला कोठेही थेट टेकू नये. चारही बाजूंनी सारखी फट राहिली आहे हे पाहावे.

काच जागेवर धरून ठेवण्याचे काम लांबीचे नसून चुकांचे आहे. बारीक चुका दर १५ ते २० सेंटिमीटरवर, काचेस समांतर, लाकडात ठोकाव्यात. हातोडीऐवजी पटाशीची चपटी बाजू काचेवरून सरकवत मारल्यास काचेवर घाव पडत नाही. चुकेचा निम्मा भाग बाहेर राहिला की पुरे.

आता बाहेरून लांबीची दुसरी वळी भरून पात्याने एका दमात तिरकी सपाट करावी. उतार असा असावा की पाणी काचेवरून लांबीवर व लांबीवरून चौकटीबाहेर ओघळेल. आतून पाहिले असता लांबीची कड खोबणीच्या वर दिसू नये. कोपऱ्यात पोकळी राहू देऊ नये. पाणी तेथूनच शिरते. आतील बाजूस आलेली जादा लांबी कापून टाकावी. काचेवरील तेलाचे डाग खडूची कोरडी पूड चोळून निघतात.

काम झाल्यावर झडप दोन-तीन दिवस आपटू देऊ नये. पंधरवड्याने लांबीवर साय धरली की तिला तेली रंगाचे दोन हात द्यावेत. रंग लांबीवरून पुढे काचेवर अर्धा सूत येऊ द्यावा, म्हणजे सांधा पूर्ण मिटतो. रंगाविना लांबी भेगाळते, आणि उंदीर-खारीही तिच्या तेलाच्या वासाने ती कुरतडतात. पाऊस सुरू होण्यापूर्वी हा रंग सुकला पाहिजे. म्हणून हे काम मृगापर्यंत न ठेवता वैशाखातच करावे.

लोखंडी व अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या

लोखंडी चौकटीत काम करताना गंज तारेच्या ब्रशाने स्वच्छ काढून गंजरोधक प्राइमर लावावा व तो सुकल्यावरच लांबी भरावी. लोखंड तेल शोषत नाही. म्हणून तेथे साधी लांबी फार सावकाश सुकते. लोखंडी खिडकीची लांबी दुकानात वेगळी मागून घ्यावी. काच धरण्यासाठी चौकटीस भोके असून त्यांत तारेच्या चिमट्या बसतात. काच काढताना त्या जपून ठेवाव्यात.

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत लांबी नसते, रबराची पट्टी असते. काच बदलण्यासाठी झडप उतरवून तिचे स्क्रू सोडावे लागतात. रबर कडक झाले असेल तर तेही बदलावे. या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी जाण्यासाठी लहान भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी खोलीत येते व दोष मात्र काचेला दिला जातो. वर्षातून एकदा काडीने ती मोकळी करावीत.

अवश्य पाळावयाच्या दक्षता

पहिली दक्षता आगीसंबंधी आहे. जवसाचे तेल हवेत सुकताना उष्णता बाहेर टाकते. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ढिगात टाकली तर ही उष्णता आत कोंडते, आणि काडी न लावताही ती पेट घेऊ शकतात. कडबा, भुसा किंवा कापूस यांजवळ असे फडके पडल्यास काय होईल हे सांगणे नको. वापरलेली फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत, अथवा उघड्यावर एकेक पसरून पूर्ण सुकवावीत व मगच टाकावीत.

दुसरी दक्षता फुटक्या काचेची. काच उकिरड्यात किंवा खताच्या खड्ड्यात कधीही टाकू नये. ती कुजत नाही. शेणखताबरोबर ती शेतात जाते, आणि अनवाणी खुरपणी करणाऱ्या बाईच्या पायात किंवा बैलाच्या खुरात वर्षानुवर्षे रुतत राहते. सर्व तुकडे वेचून, लहान कण ओल्या कागदाने टिपून, जाड कागदात गुंडाळावेत व वर ‘काच’ असे ठळक लिहावे. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली; तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. आपण निष्काळजीपणे टाकलेली काच कोणाच्या तरी हाताने वेचली जाते, हे त्या नावावरूनच कळावे.

तिसरी दक्षता जखमेची. काच लागल्यास जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावी व तो भाग उंच ठेवावा. खोल रुतलेला तुकडा स्वतः उपटू नये. तो तसाच ठेवून, कापड भोवतीने दाबून, दवाखान्यात न्यावे. जखमेत हळद, चुना अथवा राख भरू नये. गोठ्याजवळच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. म्हणून त्या रोगाची लस केव्हा घेतली होती हे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम तोंडी सांगण्यापेक्षा करून दाखवावे. प्रात्यक्षिकासाठी शाळा, अंगणवाडी किंवा सहकारी संस्थेचे गोदाम निवडल्यास दुरुस्ती सार्वजनिक जागेची होते व पाहणारेही पुष्कळ मिळतात. आधी गावातील सर्व फुटक्या तावदानांची मापे एका कागदावर उतरून घ्यावीत व काच एकत्र आणावी, म्हणजे खेपा वाचतात. हिरकणी, पटाशी, पकड, लांबीचे पाते व मोजे असा एक संच गावात सामायिक ठेवल्यास प्रत्येकास हत्यारे घेण्याची गरज राहत नाही. गावातील सुतारास या कामात आरंभापासून सामील करून घ्यावे. मोठी व अवघड कामे त्याच्याकडे जातील आणि लहान कामांत त्याचा सल्ला मिळेल.

प्रात्यक्षिक चैत्र-वैशाखात ठेवावे आणि त्या वेळी पुढील गोष्टी पाहणाऱ्यांकडून वदवून घ्याव्यात : काच मापापेक्षा एक सूत कमी, खोबणीस आधी तेल, चुका धरणार, लांबी झाकणार, आणि तेलाची फडकी पाण्यात. एवढे ज्याच्या लक्षात राहिले त्याचे तावदान पुष्कळ वर्षे टिकेल, आणि त्याच्या खिडकीखाली ठेवलेले बियाणे पेरणीपर्यंत कोरडे राहील.